नाव काढलं म्हणजे काय केलं?

कोंढा-कोसऱ्याच्या आणि आसपासच्या गावांतल्या बचत गटांच्या ताई, काकू, आजींनो, घरात, शेतात, बिड्या वळता वळता जिथं कुठं ऐकत असाल, तिथून ऐका.

आपल्याकडं एखाद्याचं भलं झालं की लोक काय म्हणतात? ‘पोरानं नाव काढलं.’ कोणाचं नाव? बापाचं, घराण्याचं, गावाचं. आता बाईकडं बघा. लग्न झालं की तिचं आडनाव बदलतं, बऱ्याच घरांत पाळण्यातलं नावही बदलायचे. उखाण्यात ती नवऱ्याचं नाव घेते. आणि काही चुकलं की लोक तिला नावं ठेवतात. म्हणजे नाव काढायचं पोरानं, नाव घ्यायचं बाईनं, आणि नावं ठेवून घ्यायची तीही बाईनंच.

यश म्हणजे काय, हे आपण फारसं विचारत नाही. मोठं घर, पोराला नोकरी, पोरीचं थाटाचं लग्न, अंगावर चार दागिने, असं माप आपल्या मनात तयार असतं. पण हे माप सदाचं नाही. आपल्याच मुलखात ते चार-पाच वेळा बदललं आहे. ते कसं बदललं, ते आज सांगते. ऐकताना एवढंच ध्यानात ठेवा, की त्या त्या काळी नाव कशावर लिहिलं जात होतं, आणि कोणाचं लिहिलं जात होतं.

सुरुवात पवनीपासून करू. पवनीला आपण बाजारासाठी जातो, तहसिलीच्या कामाला जातो, देवदर्शनाला जातो. तिथं जगन्नाथ टेकडी आहे. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्यानं मिळून तिथं उत्खनन केलं. मातीखाली मोठा बौद्ध स्तूप निघाला, दोन हजार वर्षांहून जुना. स्तूपाभोवती दगडी कठडा होता, खांब होते. त्या दगडांवर ब्राह्मी लिपीत लहान लहान ओळी कोरलेल्या आहेत. अमक्याचं दान, अमकीचं दान, एवढंच. ‘अमकीचं’ म्हणाले, कारण दान देणाऱ्यांत बायांचीही नावं आहेत.

विचार करा. वैनगंगेच्या काठची एक बाई. तिनं आपल्या जवळचं काही दिलं आणि दगडावर आपलं नाव राहू दिलं. त्या काळी जन्म सार्थकी लागला असं मानायचं, तर दान हे एक मोठं माप होतं. किती साठवलं यापेक्षा किती दिलं, हे लोक पाहत. गरीब बाईच्या हाती द्यायला दगडी खांब नसणारच, म्हणून तेही माप सगळ्यांना मिळणारं नव्हतं. पण बाईचं नाव दगडावर येऊ शकत होतं, हे मात्र खरं. पुढच्या कित्येक शतकांत हे सहजासहजी दिसत नाही.

आता तलावांकडं येऊ. आपला भंडारा तलावांचा जिल्हा. धानाला पाणी लागतं, आणि पाऊस मधेच दडी मारतो. रोवणी झाली, आणि मग पंधरा दिवस आभाळ कोरडं राहिलं तर काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून गोंड राजांच्या काळात इथं तलाव बांधायला उत्तेजन मिळालं. कोहळी समाजाचे लोक या कामात मोठे जाणकार. कुठं पाळ घालायची, पाणी कुठून काढायचं, कोणत्या बांधीला आधी द्यायचं, हे त्यांना बरोबर कळे. पुढं इंग्रजांच्या राज्यात गावाचा मालगुजार ठरला. म्हणून या तलावांना आपण आजही मामा तलाव म्हणतो, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. पूर्व विदर्भात असे सहा हजारांच्या वर तलाव आहेत.

त्या काळी थोर माणूस कोण? ज्यानं तलाव बांधला तो. नवेगावबांधचा मोठा तलाव आता गोंदिया जिल्ह्यात येतो. १९९९ पर्यंत तो आपल्याच जिल्ह्यात होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगतात. लोकांनी त्यांना एवढा मान दिला की पुढं ते कोलासूर देव झाले आणि डोंगरावर त्यांचं ठाणं झालं. तलाव बांधला तर माणूस देवपदाला पोचतो, यश याहून मोठं काय असणार!

आणि हे माप चांगलंच होतं. एका माणसाचं यश साऱ्या गावाच्या बांध्यांत पाणी होऊन उतरत होतं. आजच्या मोठ्या बंगल्याचं पाणी शेजाऱ्याच्या शेतात जात नाही. तरी एक गोष्ट विचारायला हवी. ती पाळ काही एकट्या पाटलानं घातली नाही. माती कोणी खणली? टोपल्या कोणी वाहिल्या? मातीकाम म्हणजे पुरुषाच्या हाती कुदळ आणि बाईच्या डोक्यावर टोपली, हे आपण रोजगार हमीच्या कामावरही पाहिलं आहे. त्या बायांचं नाव कुठंच नाही. गंमत म्हणजे, नवेगावच्या तलावाभोवती जे डोंगर आहेत त्यांना सात बहिणी म्हणतात, आणि त्यांच्या मदतीनं बांध पुरा झाला अशी कथा आहे. सात बहिणींच्या मदतीची गोष्ट लोकांनी जपली, पण नाव एका भावाचंच राहिलं.

मग आले दुष्काळ. १८९६-९७ चा एक, आणि त्यातून लोक सावरत नाहीत तोच १८९९-१९०० चा दुसरा. त्यालाच जुनी माणसं छप्पन्नचा दुष्काळ म्हणत, कारण तेव्हा विक्रम संवत १९५६ होता. आपला सारा मध्य प्रांत त्यात होरपळला. लोक घरदार सोडून निघाले. सरकारनं दुष्काळी कामं काढली, तिथं खडी फोडायची, माती टाकायची. बाईची मजुरी पुरुषाहून कमी.

त्या पिढीला यश म्हणजे काय विचारलं असतं, तर उत्तर एकच आलं असतं, पोरं जगवली. मोहफुलं वेचून, कंदमुळं उकडून, स्वतः उपाशी राहून पोरं जगवली. आपल्या आजीच्या आजीनं तेच केलं, म्हणून आपण आज इथं आहोत. या यशाला कोणी नाव दिलं नाही, बक्षीस दिलं नाही. ‘जुन्या बाया अडाणी, चूल आणि मूल एवढंच त्यांना कळे,’ असं कोणी म्हणालं तर त्यांना ही गोष्ट सांगा. दुष्काळात चूल पेटती ठेवणं हे त्या काळचं सर्वांत अवघड काम होतं.

याच दुष्काळातून आपल्या शेजारच्या उमरेडची एक मुलगी नागपूरला गेली. जाईबाई चौधरी त्यांचं नाव. जन्म १८९२ चा. १८९६ च्या दुष्काळात घरच्यांनी गाव सोडलं. लहानपणीच लग्न झालं. पोटासाठी जाईबाई नागपूर-कामठी भागात डोक्यावर ओझी वाहायच्या. एका मिशनरी बाईंनी त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं आणि शाळेत शिकवायचं काम दिलं. पण अस्पृश्य जातीची बाई आमच्या मुलांना शिकवते, म्हणून वरच्या जातीच्या पालकांनी विरोध केला. नोकरी गेली. जाईबाईंनी काय करावं? १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात स्वतःच मुलींची शाळा काढली, चोखामेळ्याच्या नावानं.

तो काळ डोळ्यांसमोर आणा. १९०१ च्या खानेसुमारीत साऱ्या देशात शंभरात एकही बाई लिहिता-वाचता येणारी भरत नव्हती. अशा वेळी डोक्यावरचं ओझं उतरवून हाती खडू घेणाऱ्या या बाईनं यशाचं मापच बदललं. पोरं जगवणं एवढ्यावर न थांबता पोरींना शिकवणं, हे नवं माप झालं. आता नाव लिहायची जागाही बदलली. दगड गेला, तलाव गेला, शाळेचा हजेरीपट आला. त्या पटावर मुलीचं नाव, मास्तरीणबाईंनी रोज मोठ्यानं उच्चारलेलं. ‘हजर’ म्हणणं हे त्या मुलीचं यश होतं.

वीस वर्षांनी, २० जुलै १९४२ ला, नागपुरात दलित महिलांची मोठी परिषद भरली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया आल्या होत्या. त्यांनी ठराव केले. घटस्फोटाचा हक्क हवा, एकाहून जास्त बायका करण्याची चाल बंद व्हावी, कामगार बायांना रजा मिळावी, मुलींसाठी सरकारी खर्चानं वसतिगृहं काढावी. हे १९४२ साली! डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं बोलले. समाजाची प्रगती आपण त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असं त्यांनी सांगितलं. मुलांना शिकवा, त्यांच्या मनात मोठं होण्याची इच्छा जागवा आणि लग्नाची घाई करू नका, असंही ते म्हणाले.

हे नीट ऐका मैत्रिणींनो. तोवर बाईचं यश घराच्या यशावरून मोजत. नवरा बरा, पोरं चांगली, म्हणजे बाई यशस्वी. इथं ते उलटं झालं. बाई पुढं गेली तरच घर आणि समाज पुढं गेला असं मानायचं.

बाबासाहेबांची आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्याशी जोडलेली आहे. १९५४ साली ते भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. मोजणीत हरले. पण निवडून कोण आलं होतं, हे आज किती जणींना ठाऊक आहे? मोजणीच्या दिवशीचं यश आणि सत्तर वर्षांनंतरचं यश सारखं नसतं, हे शिकायला आपल्याला दूर जायची गरज नाही.

१९५१ मध्ये मालगुजारी गेली. कसणाऱ्याच्या हाती जमीन येऊ लागली, मालगुजाराचा तलाव सरकारचा झाला. मग यशाचं माप झालं नोकरी. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, रेल्वे, आयुध निर्माणी. ‘पोरगं नोकरीला लागलं’ या वाक्यात सारं आलं. त्यासाठी बापानं शेत गहाण ठेवलं, हे आपण सांगतो. आईनं काय केलं, हे कमी सांगतो. या जिल्ह्यात कितीतरी घरांत पोरांच्या वह्या-पुस्तकांचा पैसा आईच्या बिड्यांतून आला. तेंदूपत्ता भिजवायचा, कापायचा, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा, अशा हजार बिड्या झाल्या की हजाराची मजुरी. त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढल्या की मजुरी कापली जायची. बिडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा आला, १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा आला. त्यातून ओळखपत्र, दवाखाना, मुलांना शिष्यवृत्ती मिळू लागली. ज्या बाईच्या नावानं ते कार्ड निघालं, तिच्यासाठी ते साधं कागदाचं तुकडं नव्हतं. ‘ही बाई काम करते’ हे सरकारनं पहिल्यांदा लिहून दिलं होतं.

आता जमिनीवर येऊ, कारण आजच्या बोलण्यातला कठीण भाग हा आहे. २२ एप्रिल १९८८ ला आपल्या पवनी तालुक्यात गोसेखुर्द धरणाची पायाभरणी झाली. गावं उठली. मोबदला आला तो ज्याचं नाव सातबाऱ्यावर त्याला. रोवणी बाईनं केली, निंदण बाईनं केलं, कापणी बाईनं केली, पण सातबाऱ्यात तिचं नाव नसेल तर मोबदल्यात तिचा शब्द चालत नाही. सातबारा म्हणजे नुसता तलाठ्याचा कागद वाटतो. अडचणीच्या दिवशी तोच सांगतो, की हे शेत कोणाच्या कष्टाचं मानायचं.

हे बदलायचा एक प्रयत्न आपल्या महाराष्ट्रात झाला. शेतकरी संघटनेनं १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं. त्यानंतर शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ ही मोहीम काढली. शेतकऱ्यानं आपल्या शेतातला वाटा राजीखुशीनं बायकोच्या नावानं करून द्यावा. ज्या गावात शंभर घरांनी असं केलं, ते लक्ष्मीमुक्त गाव. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरच्या शेतकऱ्यांनी यात आघाडी घेतली. १९९२ मध्ये सरकारनंही परिपत्रक काढलं, की नवऱ्यानं अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येईल.

आणि माहेरची जमीन? महाराष्ट्रानं १९९४ मध्ये वडिलोपार्जित जमिनीत मुलीला हिस्सा देणारा कायदा केला. २००५ मध्ये तो साऱ्या देशाला लागू झाला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मुलीचा हा हक्क जन्मापासूनचा आहे, २००५ साली बाप जिवंत असो की नसो.

कायदा असा आहे. घरी काय होतं? बाप गेला की भाऊ कागद आणतो, हक्कसोडपत्र. ‘ताई, इथं सही कर.’ ताई सही करते. का? सही नाही केली तर माहेर तुटेल. रक्षाबंधनाला, दिवाळीला कोणत्या तोंडानं जायचं? पंचक्रोशीत नावं ठेवतील. आणि सही केली की सगळे म्हणतात, ‘मोठ्या मनाची बहीण, माहेर राखलं.’ बघा, बहिणीचं यश कशात मोजलं? स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं खोडण्यात.

मी कोणालाही भावाशी भांडा म्हणत नाही. कोणाचा भाऊ गरीब असेल, कोणी मनापासून सोडत असेल, तो तिचा निर्णय. पवनीच्या बाईनंही दानच दिलं होतं. पण दान देताना काय देतो आहोत ते माहीत असावं लागतं, आणि नाही म्हणण्याची मोकळीक असावी लागते. न वाचता, लाजेपोटी, भीतीपोटी दिलेल्या सहीला दान म्हणत नाहीत. म्हणून सही करण्याआधी कागद वाचून घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं बाईला मोफत कायदेशीर सल्ला मिळतो, तो घ्या.

शेवटी आपल्या गटांकडं येते. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं माविम, १९७५ मध्ये सुरू झालं. नाबार्डनं १९९२ मध्ये गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली. १९९३ मध्ये पंचायतीत बायांसाठी एक तृतीयांश जागा आल्या, महाराष्ट्रात २०११ मध्ये त्या निम्म्या झाल्या. त्याच सुमारास ‘उमेद’ अभियान आलं. आता बाईचं नाव बँकेच्या पासबुकावर आहे, ग्रामपंचायतीच्या फलकावर आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदांवर त्याच्या नावानंतर आधी आईचं नाव येतं, मग बापाचं, मग आडनाव. आता पोरगं नाव काढेल तेव्हा आईचंही निघेल.

हे सगळं चांगलंच. पण नाव आलं म्हणजे काम संपलं, असं नाही. सरपंच म्हणून नाव बाईचं, आणि खुर्चीवर नवरा, असं आपण पाहिलं आहे. त्याहून वाईट म्हणजे कर्जाच्या कागदावर नाव बाईचं आणि पैसा दुसऱ्याच्या हाती. हप्त्याच्या दिवशी वसुलीवाला दार तिचंच वाजवतो. पूर्वी कष्ट बाईचे होते आणि नाव दुसऱ्याचं. आता कधी कधी नाव बाईचं असतं आणि फायदा दुसऱ्याचा. दोन्हीत फसते तीच. म्हणून नावाबरोबर शब्द हवा. जिथं माझं नाव, तिथं माझं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे. आजच्या काळाचं माप विचाराल तर मी हे सांगेन.

पुढच्या बैठकीला एक काम करा. प्रत्येकीनं घरून कागद आणा. सातबारा, घराचा नमुना आठ, पासबुक, कर्जाचा कागद, बिडी कार्ड, पोरांचे दाखले. तुमचं नाव कुठं आहे, कुठं नाही, ते बघा. आणि जिथं आहे, तिथला निर्णय कोण घेतं, तेही एकमेकींना सांगा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शिकलेल्या मुलींनी वाचून दाखवा.

आणखी एक. गटाच्या इतिवृत्तात आपण किती जमा, किती वाटप, किती थकबाकी, एवढंच लिहितो. त्याच वहीत एक पान वेगळं ठेवा. आपल्या आईनं, सासूनं, आजीनं काय केलं ते नावानिशी लिहा. कोणी दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करून पोरगी बारावी केली, कोणी दारूचं दुकान बंद पाडलं, कोणी विधवा झाल्यावर चार एकर एकटीनं सांभाळलं. ते नाव लिहायला कोणी पाटील येणार नाही, कोणी साहेब येणार नाही. वही आपली आहे, लेखणी आपली आहे, आणि लिहिणारी सचिवही आपलीच आहे.

पानाच्या वरच्या ओळीत कोणाचं नाव लिहायचं, हे बैठकीत ठरवा.